पासवाल्यांची मोजणी

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरला आमच्या स्टेशनावरून एक्केचाळीस माणसं चढली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मोजली. आणि मोजणीला आलेल्या बाबूनं त्याच्या कागदावर आकडा टाकला, नऊ.

शाळेत मी दुसरीपलीकडे गेले नाही, पण नऊ आणि एक्केचाळीस यांतला फरक मला कळतो. गाडी फाटकापलीकडे गेली तशी मी तडक त्याच्या घडीच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

"काय हो, चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

"नाही आजी, चष्मा नवाच आहे."

"आजी तुमच्या घरी. इथं मला गार्डीणबाई म्हणतात. चढली एक्केचाळीस, तुम्ही लिहिली नऊ. बाकीची काय टपावर बसली?"

बाबू तसा गरीब होता. कानामागे पेन्सिल, मांडीवर लाकडी फळी, फळीला चिमट्यानं लावलेला कागद. त्यानं फळी माझ्याकडे फिरवली. "हे बघा बाई. तिकीट काढलेले उतारू नऊ. पासवाले बत्तीस, ते या दुसऱ्या रकान्यात. हा रेल्वेच्याच माणसांचा रकाना. त्याची बेरीज धरायची नाही, असं वरून लिहून आलंय."

"का? पासवाल्यांना ढुंगण नसतं? ते बाकावर बसत नाहीत?"

"बसतात की. पण ते उतारू नव्हेत. ते घरचेच."

घरचेच! हा शब्द मी जन्मभर लोकांच्या तोंडावर मारत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्या तोंडावर बसला.

मोजणीचा कागद पंधरा दिवस आधी स्टेशनच्या दारावर चिकटवला होता. सोमवार ते रविवार, सात दिवस. सात दिवसांत सकाळच्या गाडीला दोनशे उतारू चढले तर आमचा थांबा राहणार, नाहीतर नव्या वेळापत्रकात गाडी आमच्यासमोरून शिटी मारत निघून जाणार. मी तो कागद वाचून हसले होते. म्हटलं, दोनशे? आमच्या वसाहतीत साठ घरं आहेत, दोनशे तर आम्ही शिंकलो तरी होतील.

पण साठातली पन्नास घरं रेल्वेची. कुणाचा नवरा सिग्नलवर, कुणाचा बाप रूळ बदलणारा सांधेवाला, कुणाची विधवा. माझा नवरा गार्ड होता, तीस वर्षं हिरवा झेंडा हलवला त्यानं. म्हणजे पन्नास घरी पास.

ही लाइन आधी एका कंपनीची होती. मी लग्न होऊन आले तेव्हाही घरात कंपनीच्याच गोष्टी चालायच्या. डब्यात पाऊस गळायचा, लोक आत छत्री उघडून बसायचे. पगार कधी व्हायचा, कधी नाही. मग एके दिवशी देशानं सगळ्या लाइनी ताब्यात घेतल्या. माझे सासरे शेडमध्ये रंगारी होते. डब्याडब्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी रंगाखाली गाडलं. कंपनीचा रंग असा बेरड, की ऊन तिरपं पडलं की जुनी अक्षरं खालून वर यायची. सासरे दर वर्षी ब्रश घेऊन परत जायचे. "गाडी आता देशाची, म्हणजे आपली," असं म्हणायचे आणि गाडी आली की उठून उभे राहायचे, जेवत असले तरी.

तेव्हा सगळ्यांना पास मिळाले. जाड हिरवं कार्ड, त्यावर शिक्का. सासूबाई तो पास कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवायच्या. म्हणायच्या, पाहुण्यांनी तिकीट काढावं, घरच्यांनी कशाला? मी तेच उचललं आणि त्यांच्याहून चार पावलं पुढं गेले.

पुढं मंत्री आले, मंत्री गेले. प्रत्येकानं गाडीला नवा रंग दिला आणि जाताना एक गाडी कमी केली. सहाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. शेड बंद झाली, शेडची माणसं इथंच राहिली. वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, आता दोन डब्यांची एक पेटी येते. आम्ही तिला डबडं म्हणतो. आम्ही म्हणायचं, बाहेरच्यानं म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

एवढं मी मनाशी घोळवत घरी आले तेव्हा बारा वाजले होते. पाणी प्यायला भांडं घेतलं आणि हात थांबला. सूनबाई.

माझी सून जंक्शनच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रोज याच गाडीनं जाते. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा तिनं स्वतःच्या फोटोचं मासिक तिकीट काढून आणलं होतं, मला कौतुकानं दाखवायला. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि चार तुकडे केले. "गार्डाच्या घरातली सून तिकिटाच्या खिडकीत उभी राहणार? लोक काय म्हणतील, पास संपला का आमचा?" ती खाली वाकली. तुकडे गोळा केले, कचऱ्यात टाकले. आठ दिवसांत मी तिचं नाव कुटुंबाच्या पासावर चढवून आणलं आणि साऱ्या गल्लीला दाखवलं.

सहा वर्षं झाली. पोर रोज जाते, रोज येते, आणि कागदावर एकदाही गेलेली नाही.

त्या दुपारी माझ्या पायाला भिंगरी लागली. पहिलं घर वाफवाल्याचं. म्हातारा वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होता, आता ऐंशीला टेकलाय, पण आवाज अजून इंजिनाचाच.

"तिकीट?" तो ओरडला. "मी? त्या गाडीचं? जी मी ओढली?"

"सहा दिवस फक्त. पास खिशात ठेवा, हातात तिकीट धरा."

"गार्डीण, सांधेवाल्याची मुलगी पास घरी विसरली म्हणून तिनं तिकीट काढलं, तेव्हा भर प्लॅटफॉर्मवर तिला काय बोललीस? आठवतं का?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. म्हणालीस, बापानं हाडं झिजवली ती याचसाठी का? पोरगी आठवडाभर रडत होती. आता तूच ये आणि म्हण, काका तिकीट काढा."

"काका, तिकीट काढा," मी म्हटलं.

त्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "आधी तू काढ. मी खिडकीतून बघतो. मग ठरवतो."

सांधेवाल्याच्या घरी दार अर्धंच उघडलं. मुलगी आता दोन मुलांची आई. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "आधी तुम्ही काढलंत का, मावशी?" पाचव्या घरी तेच, अकराव्या घरी तेच. जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ठरवलं नव्हतं. त्यांना माझीच शिकवण पाठ होती.

संध्याकाळी सूनबाई आली. पाय धुतले, मुलीला मांडीवर घेतलं आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझा मुलगा भिंतीकडे बघत बसला. तो सिग्नलची दुरुस्ती करतो, अख्ख्या लाइनवर फिरतो, पण घरात बोलायची वेळ आली की त्याचा सिग्नल नेहमी लाल.

"आई, दवाखान्याची क्वार्टर्स निघालीत," सून म्हणाली. "फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

"मोजणी रविवारी संपते."

"हो. पण फॉर्म शुक्रवारीच द्यायचाय. थांबा गेला तर मी कामावर जाणार कशी? पुढचं स्टेशन नऊ किलोमीटर. पहिली बस साडेनऊला. माझी हजेरी आठची."

"थांबा जाणार नाही."

"आज किती झाले?"

मी कागद उलटा ठेवला. मुलाला म्हटलं, "तू काय म्हणतोस?"

"मी म्हटलं हिला, आईला विचार," तो भिंतीला म्हणाला.

नातीनं माझ्याकडे बघून विचारलं, "क्वार्टर म्हणजे काय?" मी म्हटलं, "काही नाही, झोप." पाच वर्षांची पोर. ती गेली की या घरात मी आणि घड्याळ. मी उठले, भांडी घासलेली होती ती परत घासली.

मंगळवारी सकाळी मी तिकिटाच्या खिडकीपुढे उभी राहिले.

आता खिडकीमागे कोण बसतं ते सांगायला हवं. माझी धाकटी जाऊ. माझा नवरा गेला, त्याच्यामागे रेल्वेत एक जागा निघाली होती, खिडकीची. अर्ज मी केला होता, तिनंही केला होता. ती सातवी शिकलेली, मी दुसरी. तिला मिळाली. त्याला अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षं मी त्या खिडकीकडे बघून मान फिरवत आलेय. पास होता ना माझ्याकडे. खिडकीशी काम काय माझं?

"एक तिकीट," मी काचेतल्या भोकाला म्हटलं.

जाऊबाईनं डोकं वर केलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुणाला?"

"मला."

"ऐकू नाही आलं."

"मला! बहिरी झालीस का?"

"पास हरवला?"

"नाही हरवला."

"मग कशाला तिकीट? तुम्ही तर घरच्या." तिचा चेहरा असा, जसं काही देवानं तिचं गाऱ्हाणं आजच ऐकलं. मागे वाफवाला काठीवर रेलून उभा, सांधेवाल्याची मुलगी, तिच्यामागे आणखी सात-आठ जण. सगळे तिकीट बघायला आलेले, काढायला नव्हे.

"अगं बये, पासवाल्यांना मोजत नाहीत. थांबा जाईल. थांबा गेला की तुझी खिडकीही जाईल, हे शिरतंय का सातवीच्या डोक्यात?"

तिनं बोटं यंत्रावर ठेवली. "कुठलं देऊ?"

इथं माझी पंचाईत झाली. कुठलं? जायचं कुठं ते ठरवलंच नव्हतं. जन्मभर गाडीत बसले ते गाडी आपली म्हणून. "पुढच्या स्टेशनचं," मी म्हटलं.

"जाऊन येऊन?"

"चालत येईन. दे."

यंत्रातून तिकीट बाहेर आलं, गरम होतं. मी ते हातात धरून बाबूपुढून गेले, त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं पहिल्या रकान्यात एक काडी ओढली. सांगते, आयुष्यात कुणी माझ्या नावानं एवढीशी काडी ओढावी आणि मला एवढं बरं वाटावं, असं कधी झालं नव्हतं.

मागून वाफवाल्याचा आवाज आला, "एक जंक्शन. आणि कागद नीट दे, चुरगाळलेला नको."

मंगळवारी सतरा. बुधवारी सव्वीस. गुरुवारी अडतीस. सांधेवाल्याची मुलगी दोन्ही मुलं घेऊन आली, अख्खी तिकिटं काढली. मला म्हणाली, "मावशी, आज काही बोलायचंय का मला?" मी म्हटलं, "मुलांना खिडकीशी बसव." एवढंच मला जमलं. वाफवाला रोज जंक्शनला जाऊन बाकावर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्या इंजिनांना नावं ठेवायचा आणि दुपारच्या गाडीनं परत. त्याची तब्येत सुधारली तीन दिवसांत.

माझी मात्र झोप उडाली. नऊ आणि सतरा सव्वीस, सव्वीस आणि सव्वीस बावन्न, अडतीस मिळवले की नव्वद. दोनशेला अजून एकशेदहा, दिवस तीन, त्यातला एक रविवार, जेव्हा कुणी अंथरुणातून पाय काढत नाही. ताट पुढं आलं की बेरीज, दार लावताना बेरीज. जाऊबाईनं आपणहून निरोप पाठवला, "ताईंना सांगा, शनिवारी माझ्या माहेरचे नऊ जण आणते." मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, "तिकीट काढतील ना?" तर तो म्हणाला, "त्यांच्याकडे पास कुठाय?" पासवाल्यांच्या वसाहतीत पास नसलेला माणूस एवढा मोलाचा होईल, असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मी सूनबाईबरोबर निघाले.

खरं सांगते, मी गेले ती तो फॉर्म देऊ द्यायचा नाही म्हणून. नव्वद झालेत, दोनशे होतील, मग घाई कशाला? वाटेत समजावीन, नाही ऐकलं तर रागावीन, नाहीच तर डोळ्यांत पाणी आणीन. तेही येतं मला.

तिनं खिडकीतून स्वतःचं तिकीट काढलं. जाऊबाईनं तिला विचारलं, "मासिक काढायचं का गं?" सुनेनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आज रोजचंच द्या, काकू." मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले. वाचता येत होतं तेवढं दोनदा वाचलं.

गाडी वेळेवर आली. मी छाती काढून बसले. "बघ," म्हटलं, "मिनिटभर इकडे नाही, तिकडे नाही."

सून हसली. बसल्याबसल्या तिनं डोकं काचेला टेकलं आणि लगेच झोपली, कुणीतरी बटण बंद करावं तशी. डब्यात निम्म्या बाया तशाच झोपलेल्या. मी जागी. बाहेर सगळं मागे पळत होतं. झोपलेल्या माणसाला समजवायचं कसं?

जंक्शनच्या अलीकडे गाडी थांबली. स्टेशन समोर दिसतंय, दवाखान्याची पांढरी इमारतही दिसतेय, आणि गाडी शेतात उभी. तशी सगळ्या बाया एकदम जाग्या झाल्या. एकीनं विणकाम काढलं. माझ्या सुनेनं चपला पिशवीत टाकल्या आणि कापडी बूट चढवून नाड्या करकचून बांधल्या.

"काय झालं?"

"सिग्नल. आधी एक्स्प्रेस जाते, मग मालगाडी, मग आपण."

"रोज?"

"रोज. कधी दहा मिनिटं, कधी वीस."

"मग आधीच्या गाडीनं..." मी म्हटलं आणि थांबले. आधीची गाडी चार वर्षांपूर्वी बंद झाली. निळा रंग आला होता त्या वर्षी.

एक्स्प्रेस धडाडत गेली. आमचं डबडं तिच्या वाऱ्यानं हललं. मी सरकारच्या, मंत्र्यांच्या, सिग्नलच्या नावानं बोटं मोडणार होते, पण सिग्नल तर माझाच मुलगा दुरुस्त करतो. म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? आई, घरात गाडीला कुणी नाव ठेवलं तर तुम्ही दोन दिवस जेवत नाही. हे मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या मुलानं. म्हणाला, काहीही बोल, गाडीबद्दल बोलू नको."

समोरची विणकामवाली खुदकन हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिचा टाका चुकला.

मालगाडी यायला लागली. एक डबा, दुसरा डबा, संपतच नाही. सुनेनं पिशवीतून फॉर्म काढला, घडी केलेला, आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ऑफिस नऊला उघडतं. मला वॉर्डातून सुटता येणार नाही. तुम्ही कशासाठी आलात ते मला कळतंय, आई. वाटलं तर द्या, नाहीतर घरी घेऊन जा. मी काही म्हणणार नाही."

"हे काय, माझ्यावर ढकलतेस?"

"सहा वर्षं तुम्हीच ठरवलंत ना? हेही ठरवा."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

गाडी फलाटाला लागायच्या आत ती दारात उभी होती. उतरली आणि पळत सुटली. मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. पिशवी छातीशी धरून, जिना दोन-दोन पायऱ्या करत, रस्ता ओलांडताना एका ट्रकला हात दाखवत. मी मागे ठेचकाळत, धापा टाकत. दवाखान्याच्या दारात पोचले तर आतून आवाज आला.

"अकरा मिनिटं. या महिन्यात सातव्यांदा. घरी घड्याळ नाही का?" तिथल्या मोठ्या सिस्टर होत्या, हातात हजेरीचं पुस्तक. माझी सून मान खाली घालून उभी, धाप लागलेली, कपाळ घामानं भिजलेलं.

माझं तोंड उघडलं. "अहो बाई, घड्याळाचं काय सांगता..."

"आई, नको," सून म्हणाली. फक्त तेवढंच.

मी तोंड मिटलं. माझ्या माहितीत माझ्या घरातल्या माणसाला कुणी बोललं आणि मी गप्प राहिले, हे पहिल्यांदाच.

ऑफिसपुढच्या बाकावर मी पाऊण तास बसले. बसले म्हणजे काय, उठले, बसले, दाराच्या काचेतून पाहिलं, परत बसले. फॉर्म उघडला. छापलेलं सगळं मला लागत नाही, पण आकडे लागतात. नाव, वय, खाली नवऱ्याचं. त्याखाली एक ओळ आणि ओळीच्या शेवटी तिच्या अक्षरात आकडा. चार.

मी बोट ठेवून परत पाहिलं. ती, माझा मुलगा, नात. तीन. आकडा चार. खाडाखोड नव्हती. पहिल्या फटक्यात लिहिलेला होता.

दार उघडलं. आतला कारकून फॉर्म वाचायला लागला आणि चारवर येऊन थांबला. "चौथं माणूस कोण?"

"मी."

"म्हणजे चौघंही राहणार? चौघं असतील तर दोन खोल्या आणि तळमजला. तिघं असतील तर तिसरा मजला, एक खोली."

"तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं का?"

"सकाळी एक तास."

"मग तळमजला द्या."

"तसं नाही बाई. तुम्ही खरंच राहणार का, ते सांगा. तपासायला माणूस येतो."

 खोटं बोलणं मला जड नाही, पण त्या कागदावर तिनं खोटं लिहिलं नव्हतं. मला घर दिसलं, दार, पायरी, नवऱ्याचा कोट अडकवायचा खिळा. आणि जिना चढत पळणारी ती पाठ.

"येऊन-जाऊन राहीन," मी म्हटलं.

"येऊन-जाऊन?"

"आठवड्यात चार दिवस इथं, तीन दिवस माझ्या घरी. रात्री ही पोरगी ड्युटीवर असली की नातीजवळ कोण झोपणार? मुलगा लाइनवर असतो. तुमचा माणूस येईल त्या दिवशी मी दारातच उभी असेन, काळजी करू नका. चहासुद्धा मिळेल त्याला."

कारकुनानं डोकं खाजवलं आणि शिक्का मारला. सही कुणाची म्हणाला. मी म्हटलं सुनेची आहे, पण माझीही घ्या. घेतली त्यानं. दुसरीतली सही, जरा वाकडी.

वॉर्डाच्या दारातून आत सोडत नव्हते. काचेतून दिसत होती, एका म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवत होती, हळू, घाई नसल्यासारखी. मी काचेवर टकटक केलं. ती बाहेर आली.

"दिला," मी म्हटलं.

तिनं हात एप्रनला पुसले. "आकडा तोच राहू दिलात?"

"तोच. तळमजला आहे. मोरीला खिडकी आहे की नाही ते मी विचारलं नाही, तू विचार."

ती काहीतरी बोलणार होती. मी बोलू दिलं नाही. म्हटलं, "आणि ते मासिक तिकीट... आता तुला लागणार नाही म्हणा. मलाच लागेल."

"थांबून जेवून जा, आई."

"गाडी आहे माझी."

दुपारच्या गाडीनं परतले तेव्हा बाबू फळी काखेत मारून निघाला होता. शुक्रवारचे एक्केचाळीस, म्हणाला. पहिल्या रकान्यात. एकशेएकतीस झाले. म्हणजे अजून एकोणसत्तर, दोन दिवसांत. थांबा राहिला नाही तर मी चार दिवस तिकडे जाणार कशी आणि तीन दिवस परत येणार कशी? आधी मला सुनेला इथं ठेवायला गाडी हवी होती. आता मलाच तिकडे जायला हवी होती. माझं दुखणं बदललं, औषध तेच राहिलं.

मी स्टेशनवरून घरी गेलेच नाही. सरळ वाफवाल्याच्या दारात गेले. "काका, रविवारी सकाळी उठायचंय."

"रविवारी? रविवारी देवसुद्धा..."

"देवाला पास आहे. तुम्हाला नाही. उठा."

शनिवारी चाळीस चढले, त्यात जाऊबाईच्या माहेरचे नऊ. रविवारी सकाळी मी साडेपाचपासून दारं वाजवत फिरले. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. प्लॅटफॉर्मवर पंचवीस, मग अठ्ठावीस. गाडी दिसायला लागली तरी अठ्ठावीस. खिडकीला पाटी लावून जाऊबाई बाहेर आली, हातात स्वतःचं तिकीट. एकोणतीस. तिच्यामागून माझा मुलगा, पायजम्यावर कोट चढवलेला, नातीला कडेवर घेऊन. त्याच्या हातात तिकीट, आणि पोरीच्या मुठीत अर्धं तिकीट.

"अर्धं मोजता ना?" मी बाबूला विचारलं.

"उतारू म्हणजे उतारू, बाई," तो म्हणाला आणि काडी ओढली.

एकशेएकाहत्तर आणि एकतीस, दोनशेदोन. मी तीनदा करायला लावली बेरीज.

निकालाचं पत्र अजून आलेलं नाही. क्वार्टरची किल्ली आली. मुलानं निम्मं सामान नेलं, निम्मं इथं आहे, आणि मला दोन्हीकडे काहीतरी सापडत नाही. झारा तिकडे, चष्मा इकडे. इथं असते तेव्हा रोज सकाळी मी स्टेशनवर जाऊन जाऊबाईला विचारते, "आलं का?" ती म्हणते, "नाही." मग मी विचारते, "खरंच नाही, की सांगत नाहीस?" ती म्हणते, "ताई, आत येऊन बघा." मी आत जाते, टपालाची पेटी स्वतः उघडून बघते, आणि गाडी यायच्या आत तिकीट काढते.